सोळांतला एक साप



या व्याख्यानमालेत आपण आजवर संतांवर ऐकले, शेतीवर ऐकले, राज्यघटनेवर ऐकले. आणि आज चालकांनी आपल्यापुढे एक साप पाळणारा मनुष्य उभा केला आहे. पत्रकातला विषय वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला दारातच गाठले. "साप बरोबर आणलेत काय? तसे असेल तर आम्ही मागच्या रांगेत बसतो." त्यांना आणि आपणा सर्वांना प्रथमच सांगून टाकतो की, आमच्या पिशवीत चष्मा आणि चार टिपणे यांखेरीज काही नाही.

दुसरी गोष्टही आधीच सांगणे बरे. आम्ही जे सांगणार आहो ते अमेरिकेतले आहे. मिशिगन राज्यात नोकरीनिमित्त आमची बरीच वर्षे गेली, आणि हा छंद तिथे आम्हांला जडला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे इथले साप पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींसाठीही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आले आणि २०२४ साली त्याचे नियम झाले. तेव्हा हे व्याख्यान ऐकून कोणी तरुण उद्या सकाळी बरणी घेऊन माळावर जाईल, तर ते पाप आमच्या माथी नको.

आता विषयाकडे वळतो. पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन या देशांत एक लहानसा अजगर आढळतो. अजगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बकरी गिळणारे धूड येते. पण हा बिचारा चारपाच फुटांपलीकडे सहसा जात नाही. त्याला विष नाही. भ्याला म्हणजे चावण्याऐवजी तो अंगाचे वेटोळे करून डोके मधोमध लपवतो आणि चेंडू होऊन बसतो. म्हणून इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात. आपण चेंडू-अजगर म्हणू. मूळचा रंग काळपट तपकिरी, त्यावर मातकट पिवळे ठिपके. सुक्या पालापाचोळ्यात तो दोन हातांवर पडला असला तरी दिसायचा नाही, आणि त्याच्या रंगाचा हेतूही तोच आहे.

परंतु हजारोंनी साप त्या देशांतून बाहेर जाऊ लागले, तेव्हा त्यांत क्वचित एखादा निराळाच निघे. कोणाच्या अंगी काळे रंगद्रव्य तयारच होत नसे. मग काळ्याच्या जागी पांढरे, पिवळे तेवढे शिल्लक, आणि डोळे लाल. कोणाच्या अंगाचे मोठमोठे पट्टे अजिबात कोरे, जणू रंगाऱ्याने अर्ध्यावर काम टाकून दिले आहे. रानात अशा सापाची धडगत नसते. घारीला तो लांबून दिसतो. माणसाच्या घरात मात्र त्याचे भाग्य उघडते. १९९२ साली बॉब क्लार्क या अमेरिकन गृहस्थांनी पिवळ्या-पांढऱ्या चेंडू-अजगराची पिल्ले प्रथम काढून दाखवली, आणि एका नव्या छंदाला, किंबहुना एका नव्या धंद्याला तोंड फुटले. त्या काळी अशा एका पिल्लाला हजारो डॉलर पडत.

आपल्याला हे वेड विचित्र वाटेल. पण लक्का कबुतराच्या जोडीसाठी गावोगाव हिंडणारे शौकीन आपल्याकडे आहेतच की नाही? घोडा पंचकल्याणी असला की त्याची किंमत चढतेच की नाही? निसर्गाने जे क्वचित दिले ते आपल्या दारी असावे, ही हाव जुनी आहे. साप हे केवळ तिचे निमित्त.

आता या छंदाचे गणित सांगतो. कारण त्याच्यातले सगळे दुःख आणि सगळे सुख त्या गणितात आहे. मेंडेल नावाच्या एका मठवासी पाद्र्याने वाटाण्याची रोपे वाढवून १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम छापले, ते आपण शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. आम्हांला ते पुन्हा सापांनी शिकवले. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिठ्ठी अप्रभावी. ती एकटी असली तर गप्प बसते. दोन्ही तशाच असल्या तरच रंग उमटतो. म्हणजे पिवळा-पांढरा नर आणि तपकिरी मादी यांची जोडी लावली तर पिल्ले सारी तपकिरी. दिसायला अगदी सामान्य, पण प्रत्येकाच्या पोटात ती एक चिठ्ठी लपलेली.

आम्हांला एका रंगावर समाधान नव्हते. २००८ साली आम्ही एक पिवळा-पांढरा नर घेतला आणि एक पांढऱ्या पट्ट्यांची मादी. दोन्ही पिल्ले, वीतभर जाड दोरीएवढी. बेत असा की, या दोन रंगांचा मिलाफ एकाच अंगावर आणावा: शुभ्र साप आणि त्यावर केशरी-पिवळी बेटे. असा साप तेव्हा काही मोजक्या लोकांपाशी होता. आम्ही किमतीचा आकडा सौभाग्यवतींना सांगितला नाही. त्यांनी तो बँकेच्या कागदावर वाचला. पुढचे चार दिवस घरात जेवण वेळेवर मिळाले. संभाषण मिळाले नाही.

पहिली अडचण काळाची. मादी अंडी घालण्याजोगी व्हायला तीन वर्षे लागतात. तोवर आपण तिला दर आठवड्याला उंदीर घालायचा. हे उंदीर गोठवलेले मिळतात. आमच्या बर्फाच्या पेटीत वरच्या कप्प्यात वाटाणे आणि खालच्या कप्प्यात उंदीर अशी व्यवस्था होती, आणि पाहुण्यांना त्या पेटीकडे फिरकू न देणे हे सौभाग्यवतींचे एक व्रतच झाले होते. बरे, उंदीर घातला म्हणजे साप खातोच असे नाही. या जातीची ख्याती उपवासाविषयी आहे. थंडी आली, जागा बदलली, काही मनास आले की हा महिनोन्महिने तोंड उघडत नाही. आपण रोज वजन करावे, हताश व्हावे. तो मात्र निवांत. एकादशी आणि शिवरात्र करणाऱ्या आपल्या समाजाने त्याच्यापुढे हात टेकावेत.

२०११ साली अंडी झाली, पिल्ले निघाली, आणि मेंडेलच्या शब्दाप्रमाणे सगळी तपकिरी. तीन वर्षांच्या खटपटीचे फळ पाहायला शेजारी आला होता. तो म्हणाला, "हे तर कोणत्याही दुकानात मिळतात." त्याला काय सांगणार! त्या प्रत्येकाच्या पोटी दोन्ही रंग होते. पण पोटातले दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याची किंमत लोकांना पटवता येत नाही.

त्या पिल्लांतली एक जोडी आम्ही ठेवली आणि पुन्हा तीन वर्षे थांबलो. आता दोन्ही रंग एकत्र येण्याचा योग सोळांत एक. म्हणजे सोळा अंड्यांत एक नक्की येते असे नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. प्रत्येक अंडे म्हणजे सोळा चिठ्ठ्यांतून एक काढायची, परत टाकायची, आणि पुढच्या अंड्याला पुन्हा सोळांतूनच काढायची. चेंडू-अजगराची मादी एका वेळी सरासरी सहा अंडी घालते. सहा अंड्यांत हवे ते पिल्लू एकही न येण्याचा संभव शंभरात ६८ आहे. हे आम्ही आधी कागदावर मांडले होते. पण आपले अंडे त्या ६८ त नसणार अशी प्रत्येकाची खात्री असते. सोडतीची तिकिटे त्याच खात्रीवर खपतात.

२०१४ साली सहा अंडी झाली. त्यांतून चार तपकिरी, एक पिवळे-पांढरे आणि एक पट्ट्यांचे निघाले. दोन्ही रंग आले, पण दोन निरनिराळ्या अंगांवर! २०१५ साली मादी फुगली, तिने चार महिने अन्न सोडले, आणि शेवटी अंडीच घातली नाहीत. शरीराने ती आतल्या आत जिरवून टाकली. असे होते. आणि तिला दोष तरी काय द्यायचा?

आमचे एवढ्यावर भागले तरी पुष्कळ, असे वाटावे अशी एक फजिती दुसऱ्या एका स्नेह्याची झाली. त्याने एक पिवळा-पांढरा नर आणि तशीच दिसणारी, किंचित जांभळट झाक असलेली मादी घेतली. दोघेही रंगहीन, तेव्हा पिल्ले सगळी तशीच येणार, असा त्याचा हिशेब. निघाली ती एकजात तपकिरी. त्याला वाटले, विकणाऱ्याने फसवले. तसे नव्हते. काळा रंग बनण्याच्या वाटेवर अनेक टप्पे आहेत. एकाचा एक टप्पा बिघडला होता, दुसऱ्याचा दुसरा. पिल्लांना प्रत्येक टप्प्याची एकेक धड चिठ्ठी मिळाली आणि रंग पूर्ववत उमटला. पुढे २०२२ साली मिशिगनमधल्याच संशोधकांनी हे टप्पे जनुकांच्या नावानिशी दाखवून दिले, आणि त्यासाठी लागणारा माल म्हणजे आमच्यासारख्या छंदिष्टांनी आणि घरोघरच्या साप पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या काती. सापाला सुईसुद्धा न टोचता, त्याने टाकून दिलेल्या कातीतून शास्त्राला एवढे मिळाले. केराच्या टोपलीत जाणारी वस्तू ज्ञानाच्या कामी आली, याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटते.

श्रोतेहो, आतापर्यंत आपण हसत ऐकलेत. आता जे सांगायचे आहे ते सांगताना आम्हांला हसू येत नाही.

त्या मधल्या रिकाम्या वर्षांत, २०१२ साली, आमचा धीर सुटला. सोळांतल्या एकाची वाट पाहणे एकीकडे, आणि झटपट निकाल एकीकडे. बाजारात एक रंग होता, त्याला स्पायडर म्हणत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, खाली उजळ सोनेरी अंग. फार देखणा. शिवाय ही चिठ्ठी प्रभावी, एकच पुरते. असा नर कोणत्याही साध्या मादीला लावावा, निम्मी पिल्ले तशीच. १९९९ पासून लोक हा रंग वाढवत होते. एका परिचिताने त्याचा नर आम्हांला उसना देऊ केला. म्हणाला, "मान थोडी हलते. बाकी खातो-पितो. काळजी नको."

मान हलत होती हे आम्ही पाहिले. उंदीर पुढे धरला तर त्याचा नेम चुके, डोके स्क्रूसारखे फिरे. आम्ही पाहिले, आणि तरीही जोडी लावली. सहा पिल्लांत तीन रेघांची निघाली, आणि तिन्ही पंधरवड्यात विकली गेली. बँकेच्या कागदावर प्रथमच जमेच्या बाजूला आकडा आला.

दोन महिन्यांनी एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलासाठी त्यांनी एक पिल्लू नेले होते. मागून मुलगाच बोलू लागला. त्याने तक्रार केली नाही, रागावलाही नाही. त्याने एवढेच विचारले, "तो उलटा होऊन छताकडे बघत राहतो. माझ्याकडून काही चुकले का?"

आम्ही त्या दिवशी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो, पैसे परत केले आणि पिल्लू आणले. त्या मुलाला सांगितले की, चूक तुझी नाही. चूक कोणाची हे मात्र सांगितले नाही. ते सांगायला आम्हांला इतकी वर्षे आणि हे व्यासपीठ लागले.

दोष कुठे आहे, हे आता ठाऊक झाले आहे. २०२२ साली अशा सापांच्या कानाच्या आतल्या भागाची सूक्ष्म क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारची पिशवी यांची घडणच वाकडी आढळली. रंग आणि हा दोष एकमेकांना बांधलेले आहेत. कमीअधिक प्रमाणात तो सगळ्यांत येतो. ब्रिटनमधल्या एका संस्थेने २०१८ साली आपल्या प्रदर्शनांत या रंगाच्या सापांची विक्री बंद केली. पण शास्त्राची चित्रे यायच्या आधीही आम्हांला डोळे होते. जे दिसत होते ते न पाहण्याचे काम आम्ही स्वतःच केले.

ते पिल्लू आमच्याकडेच राहिले. त्याला चिमट्याने, तोंडाशी धरून भरवावे लागे.

२०१६ साली आमच्या मातोश्री वाईहून आमच्याकडे आल्या. वय ७८. तळघरात काय आहे हे त्यांना पत्रातून माहीत होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या दोन पायऱ्या मागे सरल्या आणि मग हात जोडून उभ्या राहिल्या. हळूहळू सवयीने त्या तिथे खुर्ची टाकून बसू लागल्या. एके दिवशी आम्ही त्या रेघांच्या सापाला भरवत होतो. त्याचे डोके गरगरत होते. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "अरे, ह्याला घेरी येतेय."

आम्ही म्हणालो, "हो. जन्मापासून."

"आणि तुम्ही लोक मुद्दाम असले जन्माला घालता?"

सभेत आम्हांला पुष्कळांनी पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. पण याचे उत्तर देता आले नाही.

त्या वर्षी आमच्या जोडीने सात अंडी दिली होती. एकाला बुरशी धरली, सहा राहिली. ३१-३२ अंशांच्या उबेत सुमारे दोन महिने ठेवायची, आणि ठेवली तशी ठेवायची. कूस बदलायची नाही, नाहीतर आतला जीव गुदमरतो. पहिल्या पिल्लाने नाकावरच्या इवल्या दाताने अंड्याला चीर पाडली तो दिवस नेमका नागपंचमीचा होता. या धंद्यात रीत अशी की, एकाने चीर पाडली की बाकीची अंडी आपण कात्रीने हलकेच कापून आत पाहायचे. पिल्लू अडकले असेल तर वाचते, हे त्याचे कारण सांगतात. खरे कारण म्हणजे रंग पाहण्याची घाई. आम्ही कात्री उकळत्या पाण्यातून काढली. मातोश्री वर स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे उकडत होत्या, कारण त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, चिरायचे नाही, कापायचे नाही. कात्री पाहून त्यांनी एवढेच म्हटले, "आज नको रे. आजच्या दिवशी तरी नको."

आठ वर्षे वाट पाहिली होती. तरी ती एक रात्र जड गेली. आमचा विश्वास म्हणाल तर रूढीवर फारसा नाही. पण चार वर्षांपूर्वी आम्ही कोणाचे ऐकले नव्हते, याची आठवण होती. कात्री खाली ठेवली.

सकाळी पाच अंड्यांतून पाच नाके बाहेर आली होती. चार तपकिरी. पाचवे पांढरे, आणि डोळ्यांमागे केशरी डाग. मातोश्रींना हाक मारली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "चाफ्याच्या फुलासारखा आहे." त्यांनी त्या पेटीपुढे खरोखरच एक फूल ठेवले.

सहावे अंडे उघडले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ते कापले. आत पूर्ण वाढलेले तपकिरी पिल्लू होते, मेलेले. आदल्या दिवशी कापले असते तर ते वाचले असते काय? त्याचा निवाडा आम्ही आजवर करू शकलो नाही. ही गोष्ट वगळली असती तर कथा अधिक गोड झाली असती. पण ती घडली.

त्या पांढऱ्या पिल्लाने पहिली कात टाकल्यावर सात आठवडे काही खाल्ले नाही. मग एका रात्री कोणाच्या नकळत उंदराचे पिल्लू गिळले. बाजारात तोवर तो रंग पुष्कळांनी काढला होता, आणि आम्ही घातलेल्या पैशांपैकी थोडेच परत मिळाले असते. आम्ही ते विकले नाही. भारतात परतलो तेव्हा त्याला आणि घेरीवाल्याला एका विश्वासू स्नेह्याकडे ठेवून आलो. ही जात दीर्घायुषी आहे. सेंट लुई शहराच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली, वय साठीच्या पुढे गेलेले असताना, अंडी घातली. तेव्हा आमचे साप आमच्यामागेही राहतील, असा रंग दिसतो.

मग या सगळ्यातून मिळाले काय, असे आपण विचाराल. एक तर असे की, सामान्य दिसणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ज्या तपकिरी पिल्लांना शेजाऱ्याने नाक मुरडले, त्यांच्याच पोटातून तो चाफा आला. पुढे कोणत्याही साध्या सापाला, आणि खरे सांगायचे तर साध्या माणसालाही, साधा म्हणण्याचे आम्हांला धाडस झाले नाही. आणि दुसरे असे की, निसर्गाशी खेळताना एक गोष्ट आधी विचारावी: हा रंग कोणाच्या डोळ्यांसाठी, आणि त्याची किंमत कोणाच्या अंगावर? पांढऱ्या सापाला त्याचा रंग घरात फारसा जड जात नाही. रेघांच्या सापाला त्याची शोभा जन्मभर घेरी देते. दोन्ही आम्ही हौसेनेच जन्माला घातले. हौस एकच होती. पण पहिल्या वेळी आम्ही वाट पाहिली, आणि दुसऱ्या वेळी नजर चुकवली, एवढाच दोन्हींत फरक.

त्या मुलाचे आता शिक्षण पुरे झाले असेल. त्याने विचारलेला प्रश्न खरे तर आम्ही स्वतःला विचारायचा होता. तो त्याने आमच्यासाठी विचारला, याबद्दल त्याचे ऋण या सभेत मान्य करतो.